तीन भाऊ, एक गिरणी: सीमाभागातली सहा भागांची मालिका, लिखाण आणि शूटिंगबद्दल मदत हवी

मलप्रभाकाठ

नमस्कार मंडळी. कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातलं आमचं हौशी नाट्यमंडळ यूट्यूबसाठी सहा भागांची मालिका करतंय. एक भाग साधारण २२ मिनिटांचा. गाव काल्पनिक, भाग मात्र आपलाच.

गोष्ट थोडक्यात: आण्णा (५८), आप्पा (५४) आणि बाळू (४९) असे तीन भाऊ. वडिलांनी स्वतः कमावून घेतलेली पिठाची गिरणी, मागं राहतं घर. वडील मृत्युपत्र न करता गेले. आई आहे. बहीण शिनोळीला दिलेली, म्हणजे चंदगड तालुका, महाराष्ट्र. आण्णा आणि आप्पांमध्ये सात वर्षांचा अबोला, तरी दोघंही रोज त्याच गिरणीत उभे. बाळू बेळगावच्या उद्यमबागेतली फाउंड्री, म्हणजे ओतकामाचा कारखाना, सोडून घरी परतलाय. तिघेही तऱ्हेवाईक. आण्णा गिऱ्हाइकाचं धान्य दोनदा मोजतो, आप्पा गिऱ्हाइकामार्फत भावाशी बोलतो, बाळू दिसेल ती वस्तू दुरुस्त करायला घेतो.

अडचणी चार आहेत. पहिला भाग वाचताना मजा येते, पण तिसऱ्या भागापर्यंत तऱ्हा शिळ्या वाटायला लागतात. गिरणी चालू असताना संवाद कसे घ्यायचे ते कळत नाही. वाटणीच्या कागदांचे प्रसंग खोटे वाटू नयेत. आणि दोन नट पुण्याचे आहेत, त्यांच्या तोंडी इथली बोली कितपत द्यावी? साहित्य म्हणजे एक कॅमेरा, दोन कॉलर माइक, एक रेकॉर्डर. बाकी माणसं भरपूर.

---

तिसरं गेट

तऱ्हा शिळ्या होतात याचं कारण बहुतेक वेळा एकच असतं: प्रत्येक भागात तीच तऱ्हा नव्यानं दाखवली जाते, तिच्यामुळं काही घडत नाही. आण्णा दोनदा मोजतो हे पहिल्या भागात दाखवलं की दाखवून संपलं. दुसऱ्या भागात त्याच दोनदा मोजण्यानं कुणाची तरी चोरी सापडू दे, म्हणजे तऱ्हेचा उपयोग झाला. तिसऱ्यात त्याच सवयीमुळं रांग वाढून मोठं गिऱ्हाईक पुढच्या गल्लीतल्या गिरणीत जाऊ दे, म्हणजे तिची किंमत मोजावी लागली. चौथ्यात आप्पाला ती सवय ठाऊक आहे म्हणून तो तिचा डाव म्हणून वापर करू दे. पाचव्यात आण्णा मोजायचं विसरतो आणि घरात सगळ्यांना काळजी वाटते. सहाव्यात बाळू नकळत दोनदा मोजतो. तऱ्हा एकच, कामं सहा. तिघांच्या तऱ्हांचा असा तक्ता कागदावर मांडा. रिकामा राहिलेला रकाना म्हणजे कंटाळ्याची जागा.

लिहिलेली प्रत्येक तऱ्हा एका प्रश्नावर तपासा: ही काढून टाकली तर गिरणीच्या कामात काही अडतं का? अडत नसेल तर काढा. बाळूचं दुरुस्तीचं वेड आत्ता नुसतं गमतीला आहे. त्यानं आईचा रेडिओ खोलला तर अडत काही नाही. गिरणीचा स्टार्टर खोलला आणि दारात डब्यांची रांग लागली, तर अडतं.

अबोल्याचे नियम लिहून काढा आणि लेखक-दिग्दर्शक दोघांनी पाळा. उदाहरणार्थ, तिसऱ्या माणसामार्फत बोललेलं चालतं. डब्यावरच्या चिठ्ठीवर लिहिलेलं चालतं. नाव घ्यायचं नाही, ‘त्यांना’ म्हणायचं. आईसमोर अबोला आहे हे दाखवायचं नाही, म्हणून जेवताना दोघंही बाळूशीच बोलतात. हे नियम सहा भागांत फक्त दोनदा मोडू द्या आणि कुठं ते आधी ठरवा. ते मोडतात तेव्हा संवाद अगदी साधा ठेवा, ‘पट्टा सरकलाय’ एवढाच. प्रेक्षकाला पुरतो.

अबोल्याचं कारण चौथ्या भागात उघड करावं असं माझं मत. त्याआधी केलं तर पुढं ओढ राहत नाही, शेवटी ठेवलं तर त्याच्यावर नको तेवढं ओझं येतं. कारण लहान हवं, पण हिशेबाचं. या वयाच्या भावांत भांडण होतं ते वडिलांच्या दवाखान्याचे पैसे कुणी भरले आणि कुणी भरले असं गावाला सांगितलं, यावरून.

पानांचा हिशेब: ए-फोर कागदावर १४ पॉइंटात, संवाद मधोमध, असं लिहिलं तर एक पान साधारण एक मिनिट. तुमच्याकडं मात्र न बोलता होणारं काम जास्त आहे. ‘आप्पा चिठ्ठी वाचतो, आण्णाकडं न बघता डबा सरकवतो’ ही एक ओळ पडद्यावर वीस सेकंद खाते. म्हणून पानं मोजू नका, घड्याळ लावून कृतीसकट वाचा. २२ मिनिटांत ११ ते १३ प्रसंग बसतात.

---

दगड आणि टाकी

गिरणीबद्दल लिहितो, कारण पडद्यावरच्या गिरण्या बहुतेक खोट्या असतात. नट नुसता डबा ओततो आणि पीठ बाहेर येतं.

खरी गिरणी चालवणारा माणूस कानानं काम करतो. हॉपरमध्ये, म्हणजे वरच्या धान्य ओतायच्या पेटीत, धान्य आहे तोवर घरघर भरीव असते. धान्य संपत आलं की आवाज पातळ होतो, मग दगडावर दगड घासून करकर येते आणि जळका वास सुटतो. त्याआधीच हात चाकावर जाऊन दगड सैल करायचा असतो. म्हणजे आप्पा पाठमोरा बसून चहा पीत असला तरी गिरणीवर आण्णा आहे की बाळू, हे त्याला आवाजावरून कळतं. आण्णा वेळेवर सैल करतो, बाळू दोन क्षण उशिरा. दगड करकरला की आप्पा कप खाली ठेवतो. एवढ्यात तुमचा एक प्रसंग होऊन जातो.

पीठ बारीक हवं म्हणून दगड फार आवळला की पीठ गरम येतं. गरम पीठ डब्यात भरून लगेच झाकण लावलं की आत वाफ धरते आणि पीठ लवकर बिघडतं. अनुभवी माणूस म्हणतो, ‘झाकण घरी जाऊन लाव गं.’ हे वाक्य आण्णाच्या तोंडी द्या. ज्वारीचं पीठ जुनं झालं की भाकरी थापताना कडेला चिरते, आणि दोष बायका गिरणीवाल्याला देतात. ती तक्रार घेऊन येणारी बाई हे तुमचं नेहमीचं पात्र होऊ शकतं.

दळायचा क्रमही पाळा. ज्वारीमागून लगेच गहू टाकला तर पहिलं पीठ मिसळून येतं, म्हणून आधीच्या धान्याचं पीठ पूर्ण उतरू देतात आणि पुढच्याचं पहिलं मूठभर बाजूला काढतात. उपवासाचं, म्हणजे राजगिरा किंवा वरी, कुणी आणलं तर दगड झाडून घ्यावा लागतो. आषाढी एकादशीच्या आधी यावरून रांगेत वाद होतात. तिखटाला मशीन वेगळं. संकेश्वरी मिरची कुटायचा हंगाम उन्हाळ्याच्या तोंडावर असतो. त्या दिवसांत गिरणीत शिरलेला प्रत्येक जण शिंकतो. चित्रीकरणाच्या दिवशी तिखटाचं मशीन चालू ठेवू नका, नटांचे डोळे दिवसभर लाल राहतील.

आता मुख्य गोष्ट. दगड घासून गुळगुळीत झाला की त्याला टाकी, म्हणजे छिन्नी, लावावी लागते. वरचा दगड काढून उलटा ठेवायचा, टाकी-हातोडीनं मधल्या भोकापासून कडेपर्यंत चऱ्या पाडायच्या, मग परत बसवायचा. टाकी नसली तर गिरणी दळते, पण पीठ जाडंभरडं आणि गरम येतं, मोटारीवर ताण पडतो. आणि कुरुंदाचा २० इंची दगड एकट्या माणसाला उलटवत नाही. दोघं लागतात, समोरासमोर उभे, एकाच वेळी उचलणारे. न बोलता हे होत नाही, कारण ‘उचल’ कुणीतरी म्हणावंच लागतं. तिसरं गेट यांनी म्हटलेला नियम मोडायची जागा हीच आहे. बाळूला त्या दिवशी बेळगावला पाठवा.

टाकी लावून झाल्यावर पहिलं दळण टाकाऊ धान्याचं करतात, त्यात दगडाची कच येते. ते पीठ माणसानं खायचं नसतं. हे दाखवलं तर गिरणीवाले प्रेक्षक तुमच्यावर विश्वास ठेवतील.

---

बूम ऑपरेटर

आवाजाचा प्रश्न सुटणारा आहे, पण क्रम पाळावा लागेल.

चालू गिरणीत संवाद घेऊच नका. कॉलर माइक लावला तरी मोटारीची घुमक संवादाखाली कायमची बसते आणि नंतर ती निघत नाही, काढायला गेलात तर माणसाचा आवाज डब्यातून आल्यासारखा होतो. पद्धत अशी: गिरणी बंद, नट मात्र चालू गिरणीत बोलतात तसे मोठ्यानं बोलतात. गिरणीचा आवाज वेगळा रेकॉर्ड करून संकलनात खाली घालायचा. इथं चूक होते ती नटांची. शांततेत दोन मिनिटांनी आवाज आपोआप खाली येतो आणि मग ते घरघरीवर कुजबुजताना दिसतात. म्हणून प्रत्येक शॉटआधी अर्धा मिनिट गिरणी चालू करा, नटांना त्यातच तालीम करू द्या, मग बंद करून लगेच टेक घ्या. पट्टा पूर्ण थांबेपर्यंत मात्र थांबा, बंद केल्यावरही तो बराच वेळ फिरतो.

गिरणीचे आवाज वेगवेगळे घ्या: हॉपरजवळून, गल्ल्यावरून, मागच्या घरातून दार बंद करून. प्रत्येकी तीन मिनिटं सलग. शिवाय सुरू होतानाचा, भरीव, पातळ होत जाणारा, करकरणारा आणि बंद होतानाचा आवाज सुटा. दगड आणि टाकी यांनी सांगितलेला कानाचा प्रसंग या आवाजांवरच उभा राहणार आहे, तेव्हा यात घाई नको. रेकॉर्डर ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. शिखर, म्हणजे सगळ्यात मोठा आवाज, मीटरवर उणे १२ डेसिबलच्या आसपास ठेवा.

कॉलर माइक टेरिकॉट शर्टाच्या आत खरखरतो. छातीवर घामानं चिकटपट्टी सुटते, म्हणून माइक बनियनला शिवून घ्या किंवा पट्टीची त्रिकोणी घडी करून दोन्ही बाजूंनी चिकटवा. आण्णाच्या खांद्यावर टॉवेल असेल तर माइक दुसऱ्या बाजूला.

कौलारू घरात पावसाचा थेंब पडला की टेक गेला. खानापूर मिरज-लोंढा मार्गावर आहे, घर रुळाजवळ असेल तर गाड्यांच्या वेळा कागदावर लिहून भिंतीला लावा. पहाटेचा देवळाचा भोंगा आणि संध्याकाळची दूधगाडी यांचंही तसंच.

कॅमेऱ्याबद्दल दोन वाक्यं. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून २५ फ्रेम आणि शटर १/५० ठेवा, नाहीतर ट्यूबलाइट लुकलुकते. गिरणीत लेन्स बदलू नका, पीठ सेन्सरवर बसतं. एकच झूम लेन्स लावून आत जा, बॅगा बाहेर ठेवा, आणि लेन्स पुसण्याआधी हवेचा रबरी फुगा मारून पीठ उडवा, कापडानं घासलं तर ओरखडे येतात.

अजून एक, जिवाचं. पीठ हवेत उडवायचा ‘सुंदर’ शॉट कुणीतरी सुचवेल. बंद खोलीत हवेत तरंगणारं पीठ ठिणगीनं पेट घेतं, स्फोटासारखं. गरम हॅलोजन, उघडी ज्योत, ठिणग्या मारणारं बटण, यातलं काहीही जवळ असताना तो शॉट नाही. थंड एलईडी दिवे वापरा, खिडक्या उघड्या ठेवा.

---

उतारा-पहाणी

वाटणीच्या प्रसंगांत लोक महाराष्ट्रातले शब्द वापरतात, तिथंच मालिका फसते. सातबारा तिकडचा. इकडं शेतजमिनीचा कागद म्हणजे पहाणी, आरटीसी. बोलताना आपली माणसं ‘उतारा’च म्हणतात, तेही चालेल. तुमची गिरणी मात्र गावठाणातली मालमत्ता आहे. गाव ग्रामपंचायतीत असेल तर ई-स्वत्तूचा (ग्रामपंचायतीच्या ऑनलाइन मालमत्ता नोंदीचा) नमुना ९ आणि ११, पट्टण पंचायतीत, म्हणजे नगरपंचायतीत, असेल तर ई-खाता (तिथला मालमत्ता उतारा). तुमचं काल्पनिक गाव यातलं कोणतं हे आधी ठरवा, कारण आण्णा कोणत्या कचेरीत जाऊन बसतो ते त्यावर ठरतं.

वडील गेल्यावर नावं लावायची तर मृत्यूचा दाखला आणि नाडकचेरीतून (महसुलाच्या स्थानिक कचेरीतून) मिळणारा वंशवृक्ष, म्हणजे वारसांची यादी, लागतो. वंशवृक्ष हा तुमच्या गोष्टीचा खरा धागा. त्यात बहिणीचं नाव येतंच. वडिलांची स्वकष्टार्जित मालमत्ता आणि मृत्युपत्र नाही, म्हणजे १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानं विधवा, मुलगे आणि मुली यांना सारखा हिस्सा. आई, तीन भाऊ, एक बहीण: प्रत्येकी पाचवा हिस्सा. भावांनी मनात धरलेले तीन हिस्से कागदावर कुठंच नाहीत. पुढं आई मृत्युपत्र न करता गेली तर तिचा हिस्सा चौघांत वाटला जाऊन चार सारखे हिस्से होतात. आणि आईनं मृत्युपत्र केलं, आपला पाचवा हिस्सा लेकीला दिला, तर सहाव्या भागात काय होईल ते बघा.

गावात कुणीतरी शहाणा सांगेल की मुलीचं लग्न जुनं आहे म्हणून तिला हक्क नाही. तो गोंधळ वडिलोपार्जित मालमत्तेचा. कर्नाटकानं १९९४ साली मुलींना सहदायिक, म्हणजे जन्मापासून वाटेकरी, केलं, पण त्याआधी लग्न झालेल्यांना वगळून. २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीनं तो भेद गेला, आणि २०२० साली सर्वोच्च न्यायालयानं वडील २००५ मध्ये हयात असण्याची अट नसल्याचं स्पष्ट केलं. तुमच्या गिरणीला यातलं काही लागू नाही, पण पानाच्या दुकानाबाहेरच्या चर्चेला उत्तम मसाला आहे. चर्चेत तिघं तीन वेगवेगळी सालं सांगतील आणि तिघंही अर्धे बरोबर असतील.

बहिणीला हक्क सोडायचा असेल तर हक्कसोडपत्र उपनोंदणी कार्यालयात नोंदवावं लागतं. नुसता स्टँप पेपर घरी सही करून घेतला तर तो उपयोगाचा नाही. कार्यालयात कॅमेऱ्यासमोर फोटो आणि अंगठ्याचा ठसा घेतात, साक्षीदार लागतात. दाखवायचं तर हे दाखवा: भाऊ साडी घेऊन शिनोळीला जातात, बहीण चहा करते, साडी ठेवून घेते आणि सहीचं काही बोलत नाही. तिला वाईट बाई करू नका.

कागद सगळे कन्नडमध्ये असतात. मराठी शाळेत शिकलेल्या आण्णाला ते वाचता येत नाहीत, फाउंड्रीत वीस वर्षं काढलेल्या बाळूला येतात. घरातलं सगळ्यात धाकटं माणूस एकदम महत्त्वाचं होतं. तो काय वाचून दाखवतो आणि काय गाळतो, यावर एक आख्खा भाग निघेल.

---

मलप्रभाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. दगड उलटवायचा प्रसंग घेतोच, पाचव्या भागात. दोन गोष्टी राहिल्या. बोलीबद्दल कुणी सांगेल का? आणि परवानग्या, तारखा यांचं काय धरावं?

---

जांबोटी रोड

बोलीबद्दल. आधी तालुका पक्का करा. निपाणी-चिकोडीकडं ‘काय करालायस’, कोल्हापूरला लागून. खानापूर-बेळगावकडं ‘काय करूलालास गा’, ‘येऊलालो की’. दोन्ही एकाच घरात मिसळले तर इथल्या माणसाला पहिल्या मिनिटात खटकतं. पुण्याच्या नटांना सगळी बोली देऊ नका. क्रियापदाचं हे एक रूप आणि वाक्याच्या शेवटचा ‘की’ एवढं पक्कं करून घ्या, बाकी त्यांचं बोलणं संथ ठेवा. शब्द बरोबर आणि चाल पुण्याची, असं झालं की नक्कल वाटते. संवाद इथल्या माणसाच्या आवाजात रेकॉर्ड करून त्यांना आठवडाभर ऐकायला द्या.

वहिनी आणि आई ‘मी येतो’, ‘मी गेलो’ असंच म्हणतील. नट्या आणि संकलक ते चूक समजून ‘येते’ करतात. संहितेच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. हाका: आई तिघांना नावानं, भाऊ एकमेकांना आण्णा-आप्पा, बहीण सगळ्यांना ‘दादा’ म्हणणार नाही, आण्णाला आण्णाच म्हणेल. भावजया एकमेकींना ‘अक्का’ म्हणाल्या तर जास्त जुळेल.

नाडकचेरीतला कारकून कन्नडच बोलू दे. त्याच्या तोंडी मोडकं मराठी घालून हशा मिळवू नका, इथल्या घरांत दोन्ही भाषा रोज वावरतात आणि तो हशा कुणालाच आवडत नाही. पडद्यावर खाली मराठी भाषांतराची अक्षरं द्या.

तिसरं गेट यांच्या एका मताशी मी सहमत नाही. अबोल्याचं कारण उघड करूच नये. आण्णाची बाजू वहिनी सांगेल, आप्पाची बाजू गिऱ्हाईक सांगेल, दोन्ही जुळणार नाहीत, तेवढं ठेवा. सात वर्षं चाललेल्या अबोल्याचं कारण त्या दोघांनाही एकसारखं आठवत असेल हे पटत नाही.

बारीकसारीक: गिरणीचा फलक आजच्या काळातला असेल तर कर्नाटकाच्या कायद्यातल्या २०२४ च्या दुरुस्तीप्रमाणं ६० टक्के कन्नड हवं, म्हणजे वर मोठं कन्नड, खाली मराठी. वडिलांच्या तरुणपणीचा प्रसंग असेल तर जुना मराठी फलक रंगवून घ्या. वहिनी शिनोळीला निघाली तर आपल्या हद्दीत शक्ती योजनेत, म्हणजे कर्नाटकातल्या बायकांच्या मोफत बसप्रवासात, तिला तिकिटाचे पैसे पडत नाहीत. ही योजना जून २०२३ पासून आहे, पण राज्याच्या आतच. म्हणून वहिनी हद्दीवरच्या बाचीपर्यंत फुकट येते, उतरते आणि पुढं चालत सीमा ओलांडते. बहिणीला आपल्याकडच्या गाडीत पूर्ण तिकीट, तिकडं लालपरीत निम्मं. दोघींच्या पिशव्या, दोघींची तिकिटं, एकच थांबा. हा प्रसंग फुकट मिळतोय, सोडू नका.

---

तिसरं गेट

कारण उघड न करण्याचा मुद्दा पटण्यासारखा आहे, फक्त एक जपा. प्रेक्षकाला लेखकालाच कारण माहीत नाही असं वाटता कामा नये. तुम्ही दोन्ही बाजू पूर्ण लिहून काढा, तारखेसकट, रकमेसकट. पडद्यावर अर्ध्या येऊ द्या.

परवानग्यांचं: गावात रस्त्यावर शूटिंग असेल तर पंचायत आणि पोलीस ठाणं, दोन्हीकडं आधी लेखी अर्ज. बेळगाव शहरात पोलीस आयुक्तालय. जांबोटी-कणकुंबीकडं जंगल दाखवायचं असेल तर वनखातं. रेल्वे स्थानकाच्या आवारात हुबळी विभागाच्या परवानगीशिवाय कॅमेऱ्याची तिपाई उभी करू नका. ड्रोन सांबरा विमानतळ आणि कॅम्प भागात अजिबात नको, लष्करी हद्द आहे. बाकी ठिकाणीही आधी डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन संकेतस्थळाचा नकाशा बघा.

तारखा: जून ते सप्टेंबर खानापूर भागात बाहेरचं शूटिंग धरूच नका. गणपती, नवरात्रातली दुर्गामाता दौड, १ नोव्हेंबरचा राज्योत्सव-काळा दिन आणि वैशाखातली शिवजयंतीची मिरवणूक हे दिवस मोकळे सोडा. पोलिसांना वेळ नसतो आणि तुमचीच निम्मी माणसं येणार नाहीत. नोव्हेंबरचा दुसरा आठवडा ते जानेवारी उत्तम. हौशी मंडळाला दिवसाला चार ते पाच पानं होतात. सहा भागांची दीडशेच्या आत पानं धरली तर तीस-पस्तीस दिवस. भागांप्रमाणं शूट करू नका, जागेप्रमाणं करा. गिरणीतले सगळे प्रसंग सलग उरका. त्यासाठी आण्णाची दाढी, आप्पाचा चष्मा, बाळूच्या हातावरची पट्टी यांचे प्रत्येक प्रसंगाअखेर फोटो काढून ठेवा. दुपारी एक ते चार गिरण्या बहुधा बंद असतात, ती वेळ मालकाकडून मागून घ्या.

---

दगड आणि टाकी

पाचव्या भागासाठी. दगड उलटवायचा शॉट खऱ्या दगडावर नटांना करायला लावू नका. जवळचे शॉट खऱ्या गिरणीवाल्यांच्या हातांचे घ्या, तोंडं दिसतात तिथं थर्मोकोलचा रंगवलेला दगड वापरा आणि नटांना खरा दगड एकदा हलवून बघू द्या, म्हणजे वजन अंगात उतरतं. काम सुरू करण्याआधी मेन स्विच बंद, फ्यूज काढून एकाच माणसाच्या खिशात. पट्टा उतरवून ठेवा. टाकी मारताना कच उडते, खरा गिरणीवाला चष्मा लावत नसला तरी तुमच्या नटाला लावा. आण्णाचा चाळिशीचा चष्मा तिथं कामाला येतो. सैल धोतर, लोंबता टॉवेल आणि गळ्यातली माळ पट्ट्याजवळ नको, पट्टा फिरत असताना तर नकोच.

दगड परत बसवताना मधल्या खुंट्यावर नीट न बसता एका बाजूला कलला तर सुरू केल्यावर थडथड होते आणि पीठ एका बाजूनं जाड येतं. आप्पाला ते आवाजावरून कळेल. तो बंद करायला जाईपर्यंत आण्णाचा हात आधीच बटणावर असू दे.